गोठ्यातलं दुखणं

काळूराम सोबत असला की त्याच्या बायकोला, कमळाला, तोंड उघडायची वेळच यायची नाही. कोन नावाच्या त्यांच्या गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. पण आज दवाखान्यात त्याचा आवाज पार बसला होता. कमळाची पाठ चार महिने दुखत होती, संध्याकाळी ताप भरायचा, घामाने कपडे भिजायचे, वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. मोठ्या इस्पितळात मणक्याचे फोटो बघून सांगितलं, कॅन्सर हाडांत पसरलेला दिसतोय. सुईने तुकडा काढून तपासायचा तेवढा बाकी. घरच्यांनी तर मनातल्या मनात तिची आशाच सोडली होती.

धामणकर नाक्याजवळच्या या दवाखान्यात डॉक्टर आसावरीने इस्पितळाची फाइल वाचली आणि विचारलं, मावशी काय काम करतात? काळूराम म्हणाला, काही नाही, घरीच असते. दुसरी कोणी असती तर पुढे गेली असती. ही बाई मात्र मोठी चिवट. बाहेर पंधरा पेशंट ताटकळत होते, तरी तिने काळूरामला हातानेच गप्प बसवलं आणि कमळाकडे वळली.

"मावशी, उठल्यापासून काय काय करता ते तुम्ही सांगा."

कमळा आधी लाजली. मग शेण, वैरण, धारा असं सांगत गेली. आजारी पडायच्या थोडं आधी दोन म्हशी दिवस भरण्याआधीच गाभडल्या होत्या. मेलेली रेडकं आणि त्यांच्यामागची वार तिनेच ओढून काढली होती, भेगा पडलेल्या उघड्या हातांनी. काळूरामला यातलं निम्मं माहीतच नव्हतं.

आसावरीने ते हात नीट पाहिले. तुकडा काढायचाच, पण तो आणि रक्त जंतूंसाठीही तपासा, असं तिने इस्पितळाला फोन करून सांगितलं. तिथले मोठे डॉक्टर कुरकुरले, तरी ती हटली नाही.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आले. कॅन्सर नव्हता. ब्रुसेला नावाचे जंतू होते, गाभडलेल्या जनावरांकडून हाताच्या भेगांतून माणसात शिरणारे. काही महिने औषध नेमाने घेतलं की कमळा बरी होणार होती.

काळूराम पाया पडायला वाकला. मुलीच्या वयाची डॉक्टर झटकन मागे सरली.

"माझ्या कसल्या पाया पडता, काका? मावशींनी सांगितलं म्हणून कळलं."

काळूराम बाकावर बसला आणि भरल्या दवाखान्यात हुंदके देऊन रडला. कमळाने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"आता कशाला रडता? मी हाय ना."