दुपारी तीनची वेळ

लिस्बनच्या संसदेत रोजच्या कामकाजाची पत्रिका आखायचं काम हर्मीनिया एकोणीस वर्षं करत होती. कोणता विषय कधी, कोणाला किती मिनिटं, सगळं तिला तोंडपाठ. त्या गुरुवारी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता.

दूर अटलांटिक समुद्रातल्या अझोरेस बेटांपैकी एका लहानशा बेटावरून फिलोमेना नावाची म्हातारी सुईण आली होती. बेटावर बाळंतपणाची सोय करा, बायकांना महिनाभर आधी घरदार सोडून दुसऱ्या बेटावर जायला लावू नका, असा तिचा हजारो सह्यांचा अर्ज. दोनदा पुढे ढकललेला. आज तो शेवटचा विषय होता, पण सकाळची चर्चा इतकी लांबली की त्याची पाळी सातला आली असती. म्हातारीचं विमान साडेसहाचं; पुढचं थेट रविवारी.

आयत्या वेळी पत्रिका बदलायची तर सगळे गटनेते राजी हवेत. हर्मीनियाने दीडची वेळ शोधली. एकेकाला गाठून हो म्हणवून घेतलं. राहिला बाल्ताझार क्वारेश्मा. विरोधी बाकांवरचा हा माणूस स्वल्पविरामावरसुद्धा हरकत घ्यायचा. तो कँटीनमध्ये कोबीचं सूप पीत बसला होता.

"नाही," सगळं ऐकून तो म्हणाला.

"साहेब, सकाळपासून बसलीय हो ती वर गॅलरीत..."

"अहो बाई, पुरतं ऐका तरी! दीडला सगळे जेवायला पळतात. रिकाम्या बाकांना ऐकवायला समुद्र ओलांडून आली का ती?"

हर्मीनिया वरमली. विमानाच्या घाईत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तीनला माझं निवेदन आहे ना? ते काढा, तिथे तिचा अर्ज घाला."

"पण टीव्हीवाले तेव्हाच असतात! महिनाभर भांडून मिळवलीत ती वेळ."

"तुमच्याशीच भांडलो की! माझं सातला घ्या. आणि बोभाटा नको, नाहीतर उद्या सगळे वेळ मागत दारात उभे राहतील."

हर्मीनियाने गटनेत्यांकडून नव्या वेळेलाही हो म्हणवून घेतलं; ही अदलाबदल कोणी सुचवली, ते मात्र सांगितलं नाही. तीनला सभागृह खच्चून भरलं होतं. सगळे पक्ष बोलले, आणि नवल म्हणजे कोणी कोणावर ओरडलं नाही. आरोग्य समितीने महिन्याभरात बेटावर जाऊन यावं, असं ठरलं.

बाहेर फिलोमेनाने हर्मीनियाचे दोन्ही हात घट्ट धरले. "पोरी, तुझे उपकार कसे फेडू गं?"

"माझे नाहीत, आजी. दुसऱ्याच कोणाचे तरी आहेत."

"मग त्याला माझा आशीर्वाद पोचव," म्हणत म्हातारी टॅक्सीत बसली.

सहाला हर्मीनियाची सुट्टी झाली, पण ती घरी गेली नाही. सातला गॅलरीत जाऊन बसली. खाली सातआठ सदस्य उरले होते. क्वारेश्मा मच्छीमार बंदरांवर बारा मिनिटं बोलला. इतक्या वर्षांत तिने त्याची फक्त मिनिटं मोजली होती. आज शब्द न् शब्द ऐकला. माणूस बोलत चांगला होता. शेवटी त्याने वर पाहिलं, तिला ओळखलं, आणि कागद गोळा करता करता किंचित मान झुकवली.