उसातला खंदक

फवारणीला आलेल्या शिफानं काम उरकून ड्रोन आणखी वर चढवला आणि ती ओरडलीच, "राजेश्वरीताई, पळत या!"

राजेश्वरी उसाला पाणी पाजत होती. चिखलाच्या पायांनीच ती धावली. शिफाच्या हातातल्या पडद्यावर तिचंच रान दिसत होतं. मधोमध गढीचं टेकाड, बाभळींनी भरलेलं. आणि त्याच्याभोवती उसाचा रुंद पट्टा, गर्द हिरवा. बाकीचा ऊस उन्हानं पिवळट. पट्टा चक्क चौकोनी होता!

"अगं, हा तर खंदक!" राजेश्वरी पडद्यावर वाकली. "बुजलाय, पण ओल धरून हाय."

पलीकडे जेसीबीची घरघर सुरू झाली. टेकाड सपाट करायला तिच्या सासऱ्यांनी, केरबा सुभेदारांनी, आजच मशीन बोलावलं होतं. दोघी धूम पळाल्या.

"आवं आण्णा, थांबवा ते!"

"काय झालं? साप निघाला?"

शिफानं पडदा त्यांच्यासमोर धरला. फौजेत उमर घालवलेला माणूस तो. बघता बघता त्यांचे डोळे लकाकले. "कोपरं बघ कसं भाईर काढल्यात! दोन्ही अंगाला नजर ऱ्हाती. बांधणारा लय हुशार गडी हुता." मग ते एकदम सावध झाले. "पर नुसत्या रंगावर इस्वास न्हाई. खणून बघू."

"माझा ऊस तोडा तिथला," राजेश्वरी म्हणाली.

केरबांनी स्वतः कुदळ घेतली. पट्ट्याबाहेर गुडघाभर खोलीवरच मुरूम लागला. पट्ट्यात मात्र काळी, मऊ माती निघतच राहिली. टेकाडाच्या बाजूला कुदळ खणकन वाजली. राजेश्वरीनं हातांनी माती सारली. घडीव दगड! त्याखाली दुसरा, तिसरा. भिंत तिरकी खाली गेलेली.

"शाब्बास पोरींनो!" खड्ड्यातूनच केरबा गरजले. "सिद्धू, मशीन घिऊन जा घरी. ह्या टेकाडाला आता कुणी हात लावायचा न्हाई!"

चालक सिद्धूनं मशीन बंद केलं आणि तोही भिंत बघायला खाली उतरला. राजेश्वरीनं पुरातत्त्व खात्याला फोन लावला. तिकडच्या बाईंनी फोटो मागवले आणि बजावलं, आता पुढं खणू नका.

पण चालायला कुणाची मनाई नव्हती. केरबा आणि दोघी, असे तिघं उसात शिरले, पाचट हातांना ओरबाडत असतानाही हिरव्या पट्ट्याच्या कडेकडेनं निघाले. पूर्वेला पट्टा अचानक तुटला. गाडी जाईल एवढ्या जागेत ऊस पिवळट, मग पुन्हा हिरवा.

"दरवाजा!" शिफा किंचाळली. "इथनंच आत जात असणार!"

केरबांनी टोपी सारखी केली आणि बाजूला सरले. "तुमी शोधलाय. तुमी फुडं व्हा."

दोघी एकमेकींचा हात धरून आत गेल्या.