चाळीस शब्दांची पट्टी

ठमीच्या बाबांनी बस आगारात एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या. आवाज असा खणखणीत, की जिन्याखालून "ठमेऽऽ" अशी हाक आली की चारही मजल्यांवरची दारं उघडायची आणि ठमी लाजेने अर्धी व्हायची. घरी आल्यावरही तोंडाचा पट्टा चालूच. "यांना झोपेतसुद्धा गप्प बसवत नाही," असं आई म्हणायची. मग घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि घर गप्प झालं. लिहून सांगावं तर हाताला जुना कंप. लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागायचं नाही.

ठमी सर्किटं आखायची, आणि तीही वाकणारी. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर छापलेल्या तारा आणि हिशेब करणाऱ्या इवल्या पेशी. ती गळ्याला चिकटवायची. माणसाने आवाजाविना शब्द उच्चारला तरी गळ्याचे स्नायू हलतात. ते हलणं ओळखायला पट्टीवरच्या पेशींचं एक छोटंसं न्यूरल नेटवर्क शिकवून ठेवलेलं असे. शब्द ओळखला की खिशातला स्पीकर तो बोलून दाखवी. आगारातली जुनी रेकॉर्डिंगं मागून आणून ठमीने स्पीकरला बाबांचाच आवाज दिला होता. त्यामुळे पहिल्या दिवशी बाबांनी "पाणी" मागितलं ते पाणी फलाट क्रमांक तीनवर लागल्याच्या थाटात. आई हसता हसता रडायला लागली.

पट्टीत चाळीस शब्द मावत. पण गळा म्हणजे काही भिंत नव्हे. मान वळली, आवंढा गिळला, की कुठली तरी तार तुटायची. साधं सर्किट एवढ्याने मेलं असतं. ठमीची सगळी हुशारी इथेच होती: तिच्या पेशींना ठरलेलं काम नव्हतं. चार मेल्या तर त्यांचं काम उरलेल्यांत वाटून देता यायचं. जागाच कमी पडली, तर एखादा शब्द काढावा लागे. कुठला, याचा नियम तिनेच लिहिला होता: ज्याचा वापर सगळ्यात कमी, तो आधी. तिच्या धंद्यात याला छाटणी म्हणतात, आणि छाटताना कोणी हळहळत बसत नाही.

दर रविवारी ती पट्टी कॉम्प्युटरला जोडून वापराचे आकडे बघायची. तिसऱ्या रविवारी तारा तुटल्याने एका शब्दाची जागा कमी पडली, आणि "ठमे"समोर शून्य होतं. त्यात नवल काही नव्हतं. आंघोळीनंतर आई पट्टी लावायची तेव्हा ठमी ऑफिसात असायची, आणि ती परत येईपर्यंत कातडी लाल होते म्हणून पट्टी काढून ठेवलेली असायची. "बघा, माझं नाव घ्यायची तुम्हाला गरजच पडत नाही," असं ती हसत म्हणाली आणि तिने ते काढून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत. पट्टी टेबलावर होती.

पुढच्याच महिन्यात ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना बोलावून गाशा गुंडाळायला सांगितला. "इतकं राबायचं आणि मानेच्या एका झटक्याने निम्मं सर्किट गार. वाकणारं काही आता नको." पट्टी छापणारं यंत्र दोन दिवसांत उचलून नेलं. ते यंत्र चालवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे शाईमामा म्हणत. तो रिकाम्या जागेकडे बघत ठमीला म्हणाला, "तुझ्या बाबांच्या गळ्यावर आहे ना, ती शेवटची. जप गं बाई तिला."

ठमी घरी बसली. आतल्या खोलीत कॉम्प्युटर मांडून तिने एकच ध्यास घेतला: ही पट्टी जगवायची. आता पट्टीची दिवसभराची हालचाल तिला पडद्यावर दिसायची. पहिल्याच सोमवारी तिला पडद्यावरच्या रेघेत एक विचित्र उसळी दिसली. तीच, तशीच, दिवसातून वीस-तीस वेळा. कुठल्याच शब्दाशी न जुळणारी. दर वेळी सगळ्या पेशी खडबडून जाग्या व्हायच्या, शब्द शोधायच्या आणि काही हाती न लागता तापून झिजायच्या. खोकला असेल, नाहीतर एखादी अर्धवट तुटलेली तार, असं ठमीने ठरवलं. मग तिने एक गाळणी बसवली: ती उसळी सुरू झाली रे झाली की पेशींनी झोपी जायचं. पट्टीचं झिजणं निम्म्याने कमी झालं. तिने आनंदाने शाईमामाला फोन करून सांगितलं. तोही म्हणाला, "डोकं आहे हो तुला!"

डोकं होतंच. तरी चार महिन्यांत पट्टीवर पाचच शब्द उरले: हो, नाही, अगं, पाणी, दुखतंय. बाबांनी अंथरूण धरलं होतं. काही हवं असलं की ते उशाशी ठेवलेल्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचे, आणि ज्याला ऐकू येईल तो जायचा.

एके सकाळी आई डाळ निवडता निवडता सहज म्हणाली, "तू घरी राहायला लागलीस ना, तेव्हा हे सारखे तुझ्या दाराकडे बघून तोंड हलवायचे. मी म्हटलं, अहो, ती तुमच्याच कामात आहे, कशाला त्रास देता? मग सोडलं त्यांनी."

ठमी तडक उठली. ती आत गेली. पट्टीला शिकवताना बाबांकडून प्रत्येक शब्द पन्नास वेळा म्हणवून घेतला होता. त्यातला "ठमे" तिने शोधून काढला आणि त्या उसळीवर ठेवला. रेघेवर रेघ बसली. वीस-तीस वेळा रोज. ती भिंतीपलीकडे बसून त्यांची हाक गाळत होती, आणि वर फोन करून सांगत होती! तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

तिने गाळणी काढली. हाक परत बसवायला दोन शब्दांची जागा लागणार होती. दुखतंय ते चेहऱ्यावर दिसतंच. पाण्याचा पेला उशाशीच असतो. तिने दोन्ही काढले आणि तिथे "ठमे" बसवलं. उरलेल्या पेशी इतक्या थोड्या होत्या की काढलेले शब्द आता परत बसवता येणार नव्हते. बाबांचं अंग पुसून झाल्यावर तिने स्वतः पट्टी लावली, कडा बोटाने दाबल्या आणि पलंगाशी गुडघे टेकून बसली.

"बाबा, चुकलं माझं. तुम्ही हाक मारत होतात आणि मीच... आता मारा. एकदाच. ऐकू येईल मला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ओठ हलले, गळा हलला. स्पीकर गप्प होता.

"परत, बाबा."

गळा पुन्हा तसाच हलला. स्पीकर गप्पच. ठमीने मागे वळून उघड्या दारातून आतला पडदा पाहिला. तिथली रेघ तिला तोंडपाठ होती. बाबा पाणी मागत होते.

त्यांनी आणखी एकदा मागून पाहिलं. मग चमचा उचलून पेल्यावर दोनदा वाजवला. ठमी समोरच बसली होती. तिने पेला उचलला आणि त्यांना पाणी पाजलं.