करमाडच्या दोन घंट्या

मी मुकुंदवाडीतल्या अप्पारावच्या घरातला टेलिफोन बोलतोय. गरिबांच्या सवलतीतला, अर्ध्या भाड्याचा. आधीच सांगून टाकतो, मागून कुणी टोमणा मारायला नको.

कारखान्यातून माझ्यासंगं निघालेले भाऊबंद साहेबलोकांच्या टेबलावर गेले. मला पत्र्याच्या घरात, पाण्याच्या ड्रमावरची फळी मिळाली. तरी अप्पारावच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, मला झाकायला रुमाल विणला.

त्यांची लेक संध्या करमाडला दिलेली. ती तिथल्या नाण्याच्या डब्यावरून घंटी द्यायची. दोन घंट्या म्हणजे बरं चाललंय. तीन म्हणजे न्यायला या. इकडं उचलायचं नाय, उचललं की तिचा रुपया डबा गिळणार. मी वाजलो की सगळं घर हातातलं काम टाकून मोजायचं. शेजारची केसरबाई भिंतीपलीकडून सांगायची, "दोनच झाल्या गं, बस निवांत."

दुष्काळाचं दुसरं साल लागलं आन् संध्याला दिवस गेले. तिसऱ्या घंटीच्या धाकानं मनकर्णाबाई टँकरच्या रांगेतसुद्धा जाईना, अप्पारावला धाडायची. असा माझा मान.

मग त्यांचा पोरगा राजकुमार शेंद्र्याला कंपनीत लागला आन् मोबाइल घेऊन आला.

मी जळलो. लपवत नाय. त्याला छातीजवळचा खिसा, मला फळी. शहर वाढतंय म्हणून जो तो रस्ते खोदायचा, वायर माझी तुटायची, आन् लोक म्हणायचे सवलतीचं असंच असतं. तो मेला ड्रमात पडावा, असं मी रोज मागायचो.

एका सुट्टीच्या सकाळी तो वाजला. वाजला कसला, गाणं म्हणाला आन् गप झाला.

"करमाडहून हाय," राजकुमार म्हणाला.

"किती झाल्या?" मनकर्णाबाई उठलीच.

"आई, याला घंट्या नसतात."

"मग मोजू काय, कपाळ? पोरीला नववा लागलाय."

मला लई बरं वाटलं. पोरीचं काय झालं असंल, हे मनातसुद्धा आलं नाय. खोटं कशाला बोलू.

राजकुमारनं तोच नंबर उलटा लावला. जावयानंबी तसलाच घेतलेला. "धर, बोल," म्हणाला.

"आई, बरी हाय मी," पलीकडून संध्या. "तुमच्याकडं पाणी आलं का?"

मनकर्णाबाई म्हणाली, "आवाज बसलाय का गं तुझा? का असाच व्हता?"

त्यापुढं त्या मायलेकी किती बोलल्या. पाण्याचं, पायावरच्या सुजेचं, सासूचं. मी फळीवरून ऐकत व्हतो. तीन वर्षं त्या पोरीची खुशाली मी दारापर्यंत आणली. आवाज एकदाबी आणला नाय. त्या उपऱ्यानं पहिल्याच फेरीत आणला. आता माझी जळजळ त्याच्या खिशाची राहिली नाय, ह्याची हाय.

सोमवारी राजकुमार मला टेलिफोनच्या हापिसात परत करणार. करू दे. फक्त त्याआधी संध्यानं एकदा मला घंटी द्यावी. आन् मनकर्णाबाई, तवा मोजत बसू नको. उचल.