मोरीपलीकडचा मान

खैराळे गाव खाडीला लागून आहे आणि खैराळे रोड हे स्टेशन वर सड्यावर, कातळाच्या माळावर. मधल्या उतारावरून रूळ गेले तेव्हा गावाचे दोन भाग झाले. वरचा भाग वाढला. रिक्षा आल्या, लॉज आले, आंब्याच्या पेट्यांची दुकाने आली. खालची वाडी रुळांच्या भरावामागे राहिली. तिथे जाण्यासाठी भरावातून एक बुटकी मोरी ठेवली आहे. पावसाळ्यात तिच्यातून पाणी जाते, एरवी माणसे.

गेल्या वर्षी व्यापारी मंडळाने स्टेशनाबाहेरच्या लांब भिंतीवर गावाचा इतिहास रंगवायचे ठरवले. उतरणाऱ्या माणसाला कळावे, इथे पाहण्यासारखे काय आहे. मजकूर माझ्याकडे मागितला. मी हायस्कुलात ग्रंथपाल होतो, एवढीच माझी लायकी. तरी पावसाळाभर बसून लिहिले. बोगदा, खाडीवरचा पूल, लाँच लागायची तो जुना धक्का, बंद पडलेला आमरसाचा कारखाना, सोमजाईचे देऊळ. बोगद्याची लांबी रेल्वेच्या पुस्तिकेत होती, धक्क्याचे साल जुन्या गॅझेटिअरमध्ये. ते सगळे मी ठामपणे लिहू शकलो. शेवटी खालच्या वाडीतल्या ‘मुकादमांचे अंगण’ या मथळ्याखाली लिहिले:

‘शिमग्यात सोमजाईची पालखी येथे थांबते व मुकादमांच्या घरचा पहिला नारळ घेते, असे सांगतात.’

मुकादम मुसलमान. त्यांच्या कोणा पूर्वजाने खाडीच्या पुरात वाहून चाललेली देवीची मूर्ती आपल्या मचव्यात घेतली, तेव्हापासूनचा हा मान. त्याला छापील आधार मला कुठेच मिळाला नाही. पालखी त्या अंगणात उतरताना मी लहानपणापासून पाहत आलो होतो, त्या नारळाचे खोबरे खाल्ले होते. पण माझे पाहणे म्हणजे काही आधार नव्हे, असे मला वाटले. म्हणून ‘असे सांगतात’.

यंदा शिमग्याआधीची बैठक देवळात भरली. विनोदचे स्टेशनसमोर मोबाइलचे दुकान आहे. तो व्यापारी मंडळाचा चिटणीस आणि आता पालखीच्या कमिटीचाही.

“यंदा पालखी सरळ स्टेशन रोडने न्यायची,” तो म्हणाला. “मोरीतून नेताना खांद्यावरून उतरवून हातावर घ्यावी लागते, वाकावं लागतं. आत ढोल वाजवता येत नाय, नाचवता येत नाय. देवीला तो त्रास कशाला?”

“त्रास होतो, असं देवीनं तुला फोन करून कळवलं काय?” रावजीने विचारले. पालखीला पहिला खांदा रावजीच्या घराचा. लोक हसले.

विनोदही हसला. “रावजीकाका, वर ड्रोन कॅमेरा लावणार आहोत. मुंबैचे पावणे येणार. ते काय मोरीत शिरणार?”

“आणि गुलाम मुकादमाकडचा नारळ?”

मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, “हल्लीच्या दिवसात नको ती भानगड.” कोण बोलले हे पाहायला कोणी मान वळवली नाही.

विनोदने खिशातून मोबाइल काढला. त्यात भिंतीचा फोटो होता. “हे बघा. बोगद्यापुढं ‘असे सांगतात’ नाय. पुलापुढं नाय. धक्क्यापुढं पण नाय. ह्या नारळापुढंच हाय. गावातला सगळ्यात जास्त वाचलेला माणूस असं लिहितो, म्हणजे त्यालाच खात्री नाय.” मग तो माझ्याकडे वळला. आवाजात आदर होता. “काका, ह्याचा कागद हाय काय कुठं?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“कागद असा नाही,” मी म्हणालो, “पण...”

“झालं तर.”

‘पण’च्या पुढचे वाक्य माझ्यापाशी तयार होते. मी ते बोलेपर्यंत ढोलाच्या कातड्याचा विषय सुरू झाला होता.

“मग कौल लावा,” रावजी उठून उभा राहिला. “देवीला विचारा. ती उजवं फूल देईल नायतर डावं. देवी सांगेल ते करू.”

“कौल शंका असली तर लावायचा, रावजीकाका. काकांनीच सांगितलं ना, कागद नाय. आता शंका कसली?”

रावजीने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीतून खाली गेलो. गुलाम रसूल शाळेत माझ्या बाकावर बसायचा. पुढे तो जहाजावर गेला, मग कुवेतला. म्हातारपणी परत येऊन वडिलांच्या घरात राहिला. मी गेलो तेव्हा तो अंगणातल्या चिऱ्यावरचे शेवाळ खुरप्याने काढत होता. पालखी टेकवतात तो हा चिरा.

मी पायरीवर बसलो. हाजराभाभींनी चहा आणला.

“घे,” गुलाम म्हणाला. “चहा आहे, असे सांगतात.”

म्हणजे त्याला कळले होते.

“रावजी काल येऊन गेला. तो रडत होता आणि मीच त्याला पाणी देत होतो.”

“मला आधार सापडला नाही रे,” मी म्हणालो.

“आधार? ह्या पायरीवर बसून खोबरं खाताना तुझा किडका दात पडला होता. आईकडे जाऊन बोंबललास. तो पोरगा कोण, गॅझेटमधला माणूस होता?”

“त्यांना कशाला बोलताय?” हाजराभाभी म्हणाल्या. “अनिलभाऊंनी लिहिलं तरी. बाकीच्यांनी तेवढं पण नाय केलं.”

“त्यानं लिहिलं म्हणूनच गेलं. नुसतं चालत होतं तोवर चालत होतं. ह्यानं भिंतीवर शंका काढून ठेवली आणि त्या विनोदला बोट ठेवायला जागा मिळाली.”

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते.

गुलामने खुरपे खाली ठेवले. “पालखी परत आण, असं मी तुला नाय म्हणत. ते तुझ्याच्यानं व्हायचं नाय. पण भिंतीवरचे तेवढे दोन शब्द काढ. माझी नातवंडं त्या स्टेशनात उतरतात. वाचतील आणि म्हणतील, दादा आयुष्यभर थापा मारत होता. तेवढं नको.”

मी तसाच वर गेलो. विनोद कोणाच्या तरी मोबाइलची काच बदलत होता. वाटेत चार वाक्ये जुळवली होती, त्यातले एकच तोंडातून निघाले. “भिंतीवरचे ‘असे सांगतात’ काढायचे आहे. ते मी स्वतः पाहिले आहे.”

“काढू की, काका,” तो लगेच म्हणाला. “शिमगा झाला की पेंटर येतोच हाय. खालची अक्षरं पण उडालीत.”

इतक्या सहज तो कबूल होईल असे वाटले नव्हते. मी त्याचे आभार मानले.

पालखीच्या दिवशी मी मोरीच्या वरच्या तोंडाशी उभा होतो. तिथून मोरीच्या आरपार गुलामचे अंगण दिसते. अंगण झाडलेले होते. चिऱ्याजवळ पाटावर ताट होते आणि गुलाम पांढरा सदरा घालून दारात बसला होता.

ढोल जवळ आले. आमच्याकडे मानतात की नाचताना पालखी देवीच्या मर्जीने फिरते, भोई फक्त खांदा देतात. वळणावर आल्यावर ती मोरीकडे झुकली. पुढच्या दांड्याखाली रावजी होता. मान ताठ झालेली, चेहरा लाल. पालखी क्षणभर तिथेच डोलली. वाजवणारेही थांबले. मग मागच्या पोरांनी जोर लावला आणि ती सरळ होऊन स्टेशन रोडला लागली. वर ड्रोन भिरभिरत होता.

“बघितलंत ना काका?” विनोद गुलालाने भरलेल्या तोंडाने माझ्या कानाशी ओरडला. “देवीच्या मनात असतं तर वळली असती!”

पुढून रावजी ओढत होता आणि मागून पोरे रेटत होती. हेही मी डोळ्यांनी पाहिले. खाली जायचे धाडस झाले नाही. घरी गेलो आणि दार लावून घेतले.

पुढल्या आठवड्यात पेंटर आला. अक्षरे तपासायला विनोदने मला बोलावले. भिंतीवर ताज्या निळ्या रंगात होते:

‘पूर्वी शिमग्यात सोमजाईची पालखी येथे थांबत असे व मुकादमांच्या घरचा पहिला नारळ घेत असे.’

“तुमचे दोन शब्द काढले,” विनोद म्हणाला. “आता ‘थांबते’ कसं लिहायचं? यंदा थांबली नाय. लोकांना खोटं सांगायचं काय? खात्री असेल तेवढंच लिहावं, असं तुम्हीच म्हणता.”

मी वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. त्यात चूक शोधत होतो. एकही सापडली नाही. माझ्या सगळ्या मजकुरात याच्याइतके पक्के वाक्य दुसरे नव्हते.

“बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

दुपारी गुलाम काठी टेकत मोरीतून वर आला. त्याला कोणी सांगितले कोण जाणे. भिंतीसमोर उभा राहून त्याने बोगद्यापासून सगळे वाचत आणले. शेवटच्या ओळीशी खूप वेळ थांबला. मागे एक गाडी आली, थांबली, गेली. उतरलेली माणसे रिक्षांकडे पळाली. भिंतीकडे कोणी पाहिले नाही.

“आता खात्रीनं लिहिलंस,” तो म्हणाला.

“गुलाम, ते मी...”

“राहू दे.” त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. “हाजराला मराठी वाचता येत नाय. घरी आलास तर तिला एवढंच सांग, की दोन शब्द काढले.”