ताडपत्रीखालचं बेट

आमच्या दादानं एकदा आकाशातल्या उपग्रहाला टोपी घालायचा बेत केला होता. खोटं वाटत असेल तर तळ्यावरच्या बगळ्यांना विचारा. त्यातले दोघे अजून मला ओळख देतात.

दादा, माझा थोरला भाऊ, ताडपत्र्या शिवतो. त्याच्या ताडपत्रीवर ढग आपटला तर ढगालाच पोचा येतो. त्याची लेक, आमची चिमणी, उपग्रहाच्या चित्रांवरून तळ्याची तब्येत बघते. चित्रं, पाऊस, ऊन सगळं संगणकातल्या गणिताला भरवायचं. मग ते सांगतं, पुढे काय उगवेल.

त्या वर्षी तळ्यातलं पाणकणसांचं बेट वाळून गेलं. तिचे साहेब म्हणाले, "उपटून टाकू, बोटींचा धक्का होईल." चिमणी म्हणाली, "गणित सांगतंय, बेट आपोआप फुटेल." साहेबांनी पुढच्या चित्रापर्यंत मुदत दिली. पोरीचं जेवणावरचं लक्ष उडालं. बापाला ते बघवेना.

"वरून हिरवंच दिसायला हवं ना?" दादानं मला विचारलं.

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का?"

"तू टोक धर."

उपग्रह यायच्या सकाळी आम्ही अख्ख्या बेटावर हिरव्या ताडपत्र्या दोरीनं आवळल्या. उपग्रह वरून जाताना मी हात केला. तो जरा थबकला, शपथ!

दुसऱ्या दिवशी चिमणी दुकानात आली ती रडकुंडीला येऊनच. "काका, बेट पार मेलं हो."

"हिरवं नाही दिसलं?" दादा चपापला.

"हिरवं आहे, पण नुसत्या रंगाचं काय करू? जिवंत पान डोळ्याला न दिसणारा प्रकाशही परत फेकतं, तोच नाहीये. आणि बेटाच्या कडा इतक्या सरळ कशा, जणू कोणी..." ती थांबली. दादा घाईघाईनं सुईत दोरा ओवू लागला. हातात सुई नव्हती.

"बाबा! तुम्ही?"

"शिलाई कशी दिसली वरून?"

तिनं आम्हा दोघांना तळ्यावर पिटाळलं. मागोमाग ती आली आणि तिच्यापाठी साहेब, उपटणाऱ्या यंत्रवाल्याला फोन लावतच. आम्ही ताडपत्र्या ओढल्या, तशी दोऱ्यांत अडकलेली वाळकी कणसं मोडून सोबत आली. खाली बोटभर कोंब, गच्च!

चिमणी चिखलातच बसली. "वाळक्या झाकणाखाली होते, म्हणून वरून दिसत नव्हते!"

साहेबांनी वाकून पाहिलं. मग फोन खिशात टाकला. "आणखी एक चित्र येऊ दे," ते म्हणाले.

त्या चित्राच्या दिवशीही चिमणी कोंब मोजायला बेटावर होती. ते चित्र आता दादाच्या दुकानात टांगलंय. सगळं बेट जिवंत, फक्त मधोमध एक मेलेला चौकोन. पोरीच्या खाली ओल लागू नये म्हणून बापानं अंथरलेली ताडपत्री ती.

गिऱ्हाईक आलं की दादा त्याला भिंतीजवळ नेतो. "शिलाई बघा. आकाशातून उसवलेली दिसते का?"