यमाचं शीत

झाशीच्या त्या सरकारी प्राथमिक शाळेत धर्म आणायला बंदी होती. सरस्वतीवंदना रोज होई, पण तिला कोणी धर्म म्हणत नसे. ती वेळापत्रकात होती.

तिसरीतल्या जाईने वेळापत्रकाबाहेरचं काही केलं, म्हणून तिच्या बापाला, कुशलला, फोटोकॉपीचं दुकान शेजाऱ्यावर सोपवून मुख्याध्यापिकांसमोर उभं राहावं लागलं.

"कुशल भैया, आपकी बेटी खाने से पहले यमराज को बुलाती है," श्रीवास्तव मॅडम म्हणाल्या.

कुशलला लगेच उमगलं. चित्राहुती! जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं, बाजूला भाताची शितं मांडायची: चित्राला, चित्रगुप्ताला, यमाला, मग उरलेल्या जीवांना. पेशव्यांच्या काळात झाशीत आलेल्या या घराण्याची मराठी झिजत गेली, शितं तेवढी टिकली. कुशलचे वडील बापूराव ती रोज मांडत आणि जाई मांडीला मांडी लावून बघे. दिवाळीनंतर बापूराव गेले. कुशलने कधी मांडली नव्हती. तो गल्ल्यापाशी उभ्याने जेवणारा.

जाईने शाळेतल्या तहरीची, म्हणजे बटाटा घातलेल्या पिवळ्या भाताची, शितं फरशीवर मांडली. शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "किसके लिए?" जाईने खरं सांगितलं. नेहमी खरं बोलावं, असं शाळेच्या भिंतीवरच रंगवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या टाटपट्टीवर, बसायच्या तरटावर, कोणी बसेना. कुणाची तरी आई 'टोटका, टोटका', करणी केली, असं ओरडत आली आणि मॅडमनी मनाई केली.

"तब से खाती ही नहीं," मॅडमचा आवाज उतरला. "थाली लेकर बैठी रहती है. मुझसे देखा नहीं जाता."

जाई दाराशीच उभी होती.

"का गं, जेवत का नाहीस?"

"बाबा, आजोबा तिकडे आहेत ना? आपण यमाला खाना दिला तर तो आजोबांना देईल. नाही दिला तर?"

मॅडमनी "क्या कह रही है?" विचारलं, तेव्हा त्याने ते हिंदीत सांगितलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तो बोटांवर शितं मोजू लागला. "पहला चित्र का, दूसरा चित्रगुप्त का..."

"रुकिए. चित्रगुप्तजी का?"

श्रीवास्तव म्हणजे कायस्थ. त्यांच्या कुळाचा मूळपुरुष चित्रगुप्त. भाऊबीजेला घरोघर त्याच्यापुढे दौत-लेखणी पुजतात. आपल्याच पूर्वजाचा घास आपण अडवला, हे मॅडमच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला.

"देखिए, स्कूल में धर्म नहीं चलेगा," त्या ठामपणे म्हणाल्या. "फर्श भी गंदा नहीं होगा. लेकिन नीम के नीचे, पत्ते पर, कोई चींटियों को दाना डाले तो उस पर कोई रोक नहीं है."

घंटा झाली. कुशल फाटकाशी रेंगाळला. जाईने कडुनिंबाखाली बसकण मारली, पानावर शितं मांडली आणि पहिला घास घेतला. कुशलने सुस्कारा टाकला.

वर्गातली आफरीन थाळी घेऊन लांबच थबकली. "यमराज आए?"

"नहीं. चींटी आई."

आफरीनने वाकून खात्री केली, मग शेजारी टेकली. दोघी खात राहिल्या. खाता खाता जाईने आजोबांचं सांगितलं.

"मेरी नानी भी उधर ही हैं," आफरीन म्हणाली. "उनका भी रख दे. चावल मत रखना, आलू रख. उनके दाँत नहीं थे."

जाईने आपल्या थाळीतला बटाटा बोटाने नीट कुस्करला आणि आजोबांच्या शितांशेजारी ठेवला.